दिवस पुसणाऱ्या गावातला स्वेटर

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली तेव्हा तिने जाहीर केलं, की आता ती फक्त बसणार. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांच्या लाइनी जोडल्या होत्या, त्यामुळे हे मागणं काही फार नव्हतं. पण सव्वा महिना बसून झाल्यावर तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे केले, घासले आणि परत भरले. मग तिची नजर काकांच्या डब्यांकडे वळली. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि त्यांच्या डब्यांत स्क्रू, वॉशर आणि कशाचे आहेत हे कोणालाच न सांगता येणारे तुकडे असतात. मावशीने ते आकारमानाप्रमाणे लावायला घेतल्यावर काकांनी मला फोन केला.

"हिला कुठेतरी बसव," ते म्हणाले. "तुमच्या शूटिंगमध्ये बसायची कामं असतात ना?"

असतात. मी तेव्हा एका मालिकेवर कंटिन्यूइटी सांभाळत होते. म्हणजे असं, की एखादं दृश्य तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतं. एक तुकडा सोमवारी, दुसरा पुढच्या गुरुवारी. सोमवारी नायकाच्या पेल्यात चार बोटं पाणी असेल तर गुरुवारीही चारच बोटं लागतं. ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, फोटो काढायचे, वहीत लिहायचं आणि काही हललं की ओरडायचं, ही माझी नोकरी.

मालिका होती काउबॉयची, पण यंत्रांची. एका दूरच्या धुळकट ग्रहावर खाणीचं एक गाव असतं. माणसं राहायला येतील तेव्हा गाव नांदतं दिसावं म्हणून कंपनीने तिथे यंत्रं आणून ठेवलेली असतात: शेरीफ, सुतार, दारूवाला, घोडे राखणारी बाई. दिसायला वागायला हुबेहूब माणसं, आणि आपण यंत्र आहोत याचा कोणालाच पत्ता नाही. उद्या माणसांचं यान येणार, या खात्रीने ती दिवसभर झाडलोट करतात. संध्याकाळी खाणीचा भोंगा होतो आणि सगळ्यांचा तो दिवस पुसला जातो. सकाळी पुन्हा तोच दिवस, तीच झाडलोट, पुन्हा "उद्या यान येणार." यान काही येत नाही. असं साठ वर्षं चाललेलं असतं. आता या रिकाम्या गावात एखाद्या यंत्राला खरोखरची जाग आली, त्याला आठवायला लागलं, तर काय होईल, अशी ती गोष्ट.

कंटिन्यूइटीवालीचे हाल लक्षात घ्या. इतर मालिकांत पेला दोन दृश्यांत सारखा असला की झालं. इथे तो साठ वर्षं सारखा हवा होता.

सेट एका बंद पडलेल्या दगडखाणीत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या नुसत्या दर्शनी भिंती, आणि दार उघडून पलीकडे गेलं की लाकडी टेकू, वायरींची भेंडोळी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. खाणीत इतका दगड, पण धूळ पडद्यावर दिसेल अशी नव्हती. ती आम्ही पोत्यांतून मागवायचो. एका इमारतीवर मोठ्ठी पाटी होती, 'सलून'. त्या जगात दारूच्या गुत्त्याला सलून म्हणतात. काकांना मालिका संपेपर्यंत वाटत होतं की तिथे केस कापतात, आणि गावात एवढं मोठं सलून असून एकाचेही केस कापलेले कसे नाहीत, हा त्यांचा मालिकेवरचा मुख्य आक्षेप होता.

त्या सलूनसमोरच्या घराच्या व्हरांड्यात एक म्हातारी बसलेली हवी होती. मी मावशीला नेलं. दिग्दर्शिका घाईत होती. तिने मावशीला खुर्ची दाखवली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही यंत्र आहात. पण तुम्हाला ते माहीत नाही."

"बरं," मावशी म्हणाली. "मग मी वेगळं काय करायचं?"

दिग्दर्शिकेने क्षणभर विचार केला. "काहीच नाही."

"मग जमेल," मावशी म्हणाली आणि बसली.

तेव्हापासून ती सगळ्या युनिटची मावशी झाली. शेरीफचं काम करणारा देखणा नट, जो आपल्या टोपीला कोणाला हातही लावू देत नसे, तो सकाळी आल्याबरोबर टोपी तिच्या मांडीवर ठेवून चहाला जायचा.

एकच कुरकुर झाली. तिच्या हातात विणकाम द्यायचं ठरलं होतं, आणि कंटिन्यूइटी बिघडू नये म्हणून सामानवाल्याने ते तयार करून आणलं होतं. करड्या लोकरीचा वीतभर तुकडा, सुयांना सरळ डिंकाने चिकटवलेला. मावशीने नुसते हात हलवायचे. पहिला दिवस नुसत्या तालमीचा होता; अर्धा दिवस तिने हलवले. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिने तो तुकडा माझ्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"विणकाम."

"हे विणकामाचं प्रेत आहे," मावशी म्हणाली.

मी हसले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी तिने घरून स्वतःच्या सुया आणल्या, लोकरही करडीच होती. काकांना स्वेटर करायचाच होता तिला. सामानवाल्याचं प्रेत तिने व्यवस्थित घडी करून खुर्चीखाली ठेवलं आणि कोणालाही न सांगता टाके घातले.

व्हरांड्याचं चित्रीकरण दर भागामागे एक दिवस व्हायचं, पहिल्या भागापासून क्रमाने. तिचं काम इतकंच. सकाळी शेरीफ समोरून जायचा, टोपीला बोट लावून म्हणायचा, "उद्या यान येणार, आजी. तयारी ठेवा." ती मान हलवायची. प्रत्येक भागात तेच वाक्य, तीच मान. एरवी ती मागे कुठेतरी अंधूक दिसत राहायची. मी दर वेळी व्हरांड्याचे फोटो काढले. कंदिलातलं तेल कुठपर्यंत आहे, खुर्चीचा कोन, पिंपावरचा पाण्याचा डाग, सगळं वहीत लिहिलं. मावशीपुढे लिहायचे, "ठीक."

मालिका लागली. बऱ्यापैकी चालली. सातवा भाग होऊन दोन दिवस झाले असतील, आणि एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी इंटरनेटवर सात चित्रं टाकली. सातही भागांतली मावशी. बाईंनी टीव्हीच्या काचेवर पट्टी धरून मोजमापं घेतली होती. पहिल्या भागात स्वेटर चार बोटं. तिसऱ्यात वीतभर. पाचव्यात पाठ पूर्ण, सातव्यात एक बाही अर्ध्यावर. खाली बाईंनी लिहिलं होतं: "सगळ्या गावाचा दिवस रोज पुसला जातो. मग या आजींचा स्वेटर वाढतो कसा? सगळे शेरीफकडे बघत बसलेत. जागी झालेली ही आहे."

सकाळपर्यंत ती चित्रं हजारो लोकांनी पुढे पाठवली होती. कोणी म्हणालं, टाक्यांत सांकेतिक भाषा आहे. कोणी उलट्या-सुलट्या टाक्यांची भाषांतरं केली. एकाने सिद्ध केलं, की म्हातारी एका ओळीत एक वर्ष मोजते. सगळे मालिकेच्या लेखकाच्या बुद्धीला सलाम करत होते.

लेखकाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. दिग्दर्शिकेलाही नव्हतं. निर्मात्याने मला बोलावलं आणि ती सात चित्रं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली.

"तुझं काम काय आहे?" त्याने विचारलं.

त्याच्यासमोर मी माझे फोटो उघडले. चारशेहून जास्त निघाले. कंदील जागेवर. खुर्ची जागेवर. पाण्याचा डाग, ज्याच्यासाठी मी दोनदा पोरांना ओरडले होते, तोही जागेवर. आणि प्रत्येकात मधोमध, भर उजेडात, वाढत चाललेला करडा स्वेटर. आपल्या मावशीकडे कोण टक लावून बघतं? घरातलं माणूस दिसलं की डोळे पुढे सरकतात. मी तिला सातही भागांत दर वेळी भेटत होते आणि एकदाही बघितलं नव्हतं.

तशीच उठून तिच्या घरी गेले. ती गॅलरीत दुसरी बाही विणत होती.

"मावशी! माझी नोकरी जायची वेळ आली आहे."

"का गं?"

"का काय? तिथे दिवस पुसला जातो ना रोज! सकाळी सगळं होतं तसं होतं. तुझं विणकाम रोज पहिल्यापासून सुरू व्हायला हवं होतं!"

मावशीने सुया थांबवल्या. "दिवस पुसला जातो?"

"म्हणजे? तुला माहीत नाही?"

"मला कोणी सांगितलं? मला सांगितलं, तू यंत्र आहेस. बस, म्हणाले. मी बसले."

आणि तेव्हा मला कळलं, की ती खरं बोलत होती. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून गर्दीतल्या कोणालाच संहिता देत नसत. भोंगा नंतर आवाजात भरायचे, त्यामुळे तो सेटवर कधी वाजलाच नव्हता.

"पण शेरीफ रोज तेच वाक्य बोलतो, त्याचं तुला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं, बिचाऱ्याचं पाठ होत नाहीये."

आतून काका मोठ्याने हसले. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात मावशी शांतपणे म्हणाली, "आणि हे बघ बये, दिवस पुसला जातो हे जिला माहीत नाही, ती विणतच राहणार. त्यात माझं काय चुकलं?"

माझी नोकरी गेली नाही, याचं कारण लेखक. हा उंच, वाकलेला माणूस पेन्सिली चावायचा. दुसऱ्या पर्वात त्याला शेरीफला जागं करायचं होतं आणि त्यासाठी त्याने शेरीफवर वीज पाडायचं ठरवलं होतं. वीज पडते, शेरीफ थरथरतो, उठतो आणि त्याला सगळं आठवतं. हे किती फुसकं आहे हे सगळ्यांना, आणि सगळ्यात जास्त त्याला, माहीत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. आता लोक न लिहिलेल्या गोष्टीसाठी त्याची पाठ थोपटत होते. त्याने वीज रद्द केली आणि मला म्हणाला, "मला तुझ्या मावशीकडे घेऊन चल."

दार काकांनी उघडलं. लेखक कशासाठी आलाय हे कळल्यावर त्यांनी त्याला आधी बसवून घेतलं.

"हे बघा," काका म्हणाले, "लिफ्ट मधेच अडकली की लोक म्हणतात, आज हिचा मूड नाही. चाळीस वर्षं लिफ्ट उघडून बघितल्या मी. आत मूड सापडला नाही. रिले खराब असतो. यंत्राला जाग-बिग काही येत नाही."

"मग तुम्ही लिफ्टशी बोलत का होता?" आतून मावशी म्हणाली. "'चल गं बाई, आता हट्ट पुरे' कोण म्हणायचं?"

"ते वेगळं," काका म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

लेखकाने मावशीला विचारलं, की व्हरांड्यात तासन्‌तास बसते तेव्हा तिच्या डोक्यात काय चालू असतं.

"टाके मोजते."

"फक्त टाके?"

"टाके मोजता मोजता दुसरंही चालतं. ती सवय एक्स्चेंजची." मावशीने सुया मांडीवर ठेवल्या. "एकतीस वर्षं माझ्या तोंडात तीन वाक्यं होती. नंबर सांगा. लाइनवर राहा. उत्तर मिळत नाही. चौथं बोलायची परवानगी नव्हती. लोकांना वाटायचं, टेप लावली आहे. एकाने एकदा विचारलंच, 'तुम्ही बाई आहात की टेप?' मी म्हटलं, 'टेप.' तर म्हणाला, 'बरं झालं,' आणि बायकोशी झालेलं सगळं भांडण मला सांगून मोकळा झाला."

लेखक हसला. पण पेन्सिल बाहेर आली होती.

"आणि एक माणूस होता. रोज चार वाजता एकच नंबर मागायचा. दुसऱ्या गावातला. कोणी उचलायचं नाही. नियम आठ घंट्यांचा होता. आठ झाल्या की तोडायचं आणि 'उत्तर मिळत नाही' म्हणायचं. मी त्याला बारा द्यायचे."

"का?"

"कोण जाणे. मला वाटायचं, समोरचं माणूस जिना चढून येत असेल."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं बारा द्यायला?"

"कोण सांगणार? उलट मेमो मिळाला मला. तरी दिल्या. मग एक दिवस अकराव्या घंटीला कोणीतरी फोन उचलला."

"मग?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं. काका चहाची गाळणी हातात घेऊन दारात उभे होते. ही गोष्ट त्यांनीही कधी ऐकली नव्हती.

"मग काय? मी लाइन जोडली आणि कानावरचा हेडफोन काढला. लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं."

लेखकाने कागदावर आठ उभ्या रेघा काढल्या, आणि पुढे आणखी चार. परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "मी वर्षभर पुस्तकं वाचतोय. जाणीव म्हणजे काय, ती यंत्रात कशी ओळखायची. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. आणि ही बाई म्हणते, चार घंट्या जास्त दिल्या."

दुसऱ्या पर्वात मावशीची भूमिका वाढली. म्हणजे ती अजूनही बसलेलीच होती, पण आता कॅमेरा जवळ आला होता. आणि या वेळी कोणी गाफील नव्हतं. स्वेटर कुठल्या भागात किती, याचा तक्ता झाला. मी खिशात मोजायची टेप घेऊन फिरायचे आणि तिच्या मांडीवर मोजायचे. "पाठ तेवीस इंच, डावी बाही सात. बरोबर." मावशीला ही मापं घेणं मुळीच आवडत नव्हतं, पण माझ्या नोकरीखातर सहन करायची.

तिसऱ्या भागाच्या दिवशी मी टेप लावली आणि माझं धाबं दणाणलं. बाही नऊ इंच हवी होती, चार होती. तिच्या पायाशी लोकरीचं कुरळं भेंडोळं पडलं होतं.

"मावशी! काय केलंस?"

"उसवलं. खाली एक टाका निसटला होता. कालच दिसायला हवा होता."

दिग्दर्शिका धावत आली. ती चिडली की आवाज बारीक व्हायचा. "मावशी, पडद्यावर तो टाका कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसला."

"तुम्ही म्हणजे तुम्ही नाही! तुम्ही ते यंत्र आहात!"

"हो ना," मावशी म्हणाली. "आणि त्या यंत्राला कळायला लागलंय, असं तुम्हीच म्हणता. मग चूक दिसल्यावर ती तशीच पुढे विणत जाईल? तशी तर ती आधीही विणत होतीच की."

मागे लेखक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हसून नुसता गदागदा हलत होता. शेवटी दिग्दर्शिकेने तक्ता माझ्या हातातून घेतला, त्याची चौपदरी घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातला. बाही चार इंचांवरच राहिली.

तो भाग लागल्यावर जो गोंधळ झाला, त्यापुढे पहिल्या पर्वातला काहीच नव्हता. बाही आखूड झाली! कंपनीला कळलं, त्यांनी आजीची आठवण अर्धी पुसली! भूगोलाच्या बाई मात्र म्हणाल्या, "पुसली नाही. आजींनी स्वतः मागे जाऊन काहीतरी दुरुस्त केलंय." मावशीने त्यांचा तो मजकूर कागदावर छापून घेतला आणि भिंतीवर लावला. "ह्या बाई विणत असणार," ती म्हणाली.

पुढे आला पर्वाचा शेवटचा भाग, आणि तिथे पंचाईत झाली. इतकी वाट बघायला लावल्यावर म्हातारी जागी आहे हे उघड व्हायला हवं होतं. म्हणून निर्मात्याच्या आग्रहावरून लेखकाने मावशीला भाषण लिहून दिलं. शेरीफ नेहमीचं वाक्य बोलतो, ती खुर्चीतून उठते आणि म्हणते, "मी यंत्र आहे. पण मला जाणीव आहे. मी विचार करते, मी आठवते, मी आहे!" वगैरे. पाऊण पान.

मावशीला पाठ लगेच झालं. पण तोंडातून आलं ते एक्स्चेंजच्या आवाजात. सपाट, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा. "मला. जाणीव. आहे." जणू काही पलीकडे कोणी उत्तर देत नाहीये. दिग्दर्शिका म्हणाली, भावना आणा. मावशीने भावना आणली, तर ती रागावल्यासारखी दिसायला लागली. नवव्या टेकला शेरीफला हसू आवरेना. सतराव्या टेकला मावशी ताठ उभी राहिली, हात उंचावला आणि म्हणाली, "मी विचार करते, मी आठवते, लाइनवर राहा."

सगळं युनिट खो-खो हसत सुटलं. धूळ उडवणारी मुलगी पोत्यावर बसून हसत होती. मावशीही हसली, पण हसताना तिचा चेहरा पडला, ते मला दिसलं. या वेळी मी बघत होते. ती दार उघडून भिंतीच्या मागे गेली.

मी गेले तेव्हा ती वायरींमध्ये खुर्ची टाकून बसली होती.

"मला नाही जमणार गं. दुसरं कोणीतरी बघा."

"थोडं थांबून परत करू."

"परत करून काय होणार? हे बोलणंच खोटं आहे. सकाळी जाग आल्यावर तू काय करतेस? मी चष्मा शोधते. 'मला जाग आली हो' असं ओरडत कोण सुटतं? आणि समजा ओरडले, तर कंपनी मला पुसून टाकेल ना? मग मी कशाला सांगेन? गप्प बसेन."

लेखक कधी येऊन टेकूला लागून उभा राहिला होता, आम्हाला कळलं नव्हतं. "मग शेरीफला कसं कळेल, मावशी?" त्याने विचारलं.

मावशीने थोडा विचार केला. "त्याला थंडी वाजते का?"

"तो यंत्र आहे."

"ते त्याला माहीत आहे का?"

"नाही."

"मग वाजत असेल," मावशी म्हणाली.

लेखकाने भाषणाचा कागद तिच्याकडून घेतला आणि दिग्दर्शिकेशी जाऊन काहीतरी कुजबुजला. शेरीफला कोणी काही सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणाले, की पुन्हा पहिल्यापासून.

तो समोरून आला. टोपीला बोट लावलं. "उद्या यान येणार, आजी. तयारी ठेवा."

मावशीने मान हलवली नाही. ती उठली, व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि त्याला बाहीला धरून थांबवलं. खांद्याला धरून पाठमोरा केला. मग सुयांसकट तो स्वेटर त्याच्या पाठीला लावला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. बाहीची लांबी बघितली. जीभ टाळ्याला लावून चक्‌ केलं. कमी पडत होती. पुन्हा वर गेली, बसली आणि पुढचा टाका घातला.

शेरीफ तसाच उभा. त्याने नकळत टोपी काढून हातात घेतली होती. त्या बिचाऱ्याला आता काय करायचं हेच माहीत नव्हतं, पण तो नट चांगला होता, पळाला नाही. शेवटी त्याने विचारलं,

"मी... उद्या येऊ का?"

मावशीने विणकामावरून डोळे काढले नाहीत.

"ये," ती म्हणाली.

दिग्दर्शिका 'कट' म्हणायचं विसरली. कॅमेरा चालूच राहिला, आणि मावशी विणत राहिली. मी वहीत टोपी कुठल्या हातात होती ते लिहायला हवं होतं. ते पान कोरं आहे. पाऊण पानाच्या भाषणातलं एक अक्षरही त्या मालिकेत कधी आलं नाही.

घरी काका मात्र फुरंगटले. त्यांचं म्हणणं, खांदे त्यांच्या मापाचे होते. आणि स्वेटर तर आता मालिकेचा झाला होता. नंबर लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो कपड्यांच्या कपाटात गेला. मावशीने त्यांना दुकानातून एक निळा आणून दिला. तो त्यांना अंगात जास्त चांगला बसतो, पण ते कबूल करत नाहीत.

मालिका तीन पर्वं चालून संपली. त्यानंतर एका कॉलेजने 'यंत्र आणि जाणीव' या विषयावर चर्चा ठेवली आणि मंचावर दोन प्राध्यापकांच्या मधे मावशीला बसवलं. पहिले प्राध्यापक म्हणाले, यंत्र कितीही माणसासारखं बोललं तरी आत कोणी नसतं. दुसरे म्हणाले, आत कोणी आहे की नाही हे बाहेरून ठरवायची पद्धत आपल्याकडे अजून नाही, तेव्हा घाई नको. दोघंही चांगले बोलले. मावशी दोघांकडे मान वळवून वळवून ऐकत होती.

मग एका विद्यार्थिनीने तिला विचारलं, "मावशी, तुमच्या त्या आजीला नेमकी जाग कधी आली? कुठल्या भागात?"

मावशी विचारात पडली. तिने खरोखर आठवायचा प्रयत्न केला.

"असा दिवस नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी बसलेलीच होते. तुमच्या लक्षात आलं, तो सातवा भाग."

सभागृह हसलं. दोन्ही प्राध्यापकांनी मात्र ते टिपून घेतलं. ती विनोद करत नव्हती हे मला ठाऊक होतं, आणि बहुधा त्यांनाही कळलं होतं.

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. मला म्हणाली, पहिले प्राध्यापक फार चांगले आहेत, पण त्यांच्या कोटाचं मधलं बटण सुटायला आलंय; त्यांना सांगायला हवं होतं. मग तिने पायातून चपला काढल्या आणि बाहेर बघत बसली.

सध्या ती एका दवाखान्याच्या मालिकेत आहे. रुग्णाच्या आईचं काम आहे, दोनच वाक्यं. दोन्ही तिने बदलून घेतली आहेत.